रिमेकचा पुढचा भाग आणि मावशीच्या गळ्यातली सवत

मी काही लिहावं असा माझा अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो आणि त्याबद्दल माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. सिनेमाचं शास्त्र मला येत नाही. टॉकीजमध्ये मी आजवर दोनदा गेलो, बाकी सगळं टीव्हीवर नाहीतर मोबाईलवर पाहिलं. तरी सरांनी कॉलेजच्या अंकासाठी माझ्याकडूनच लेख मागितला, कारण वर्गात मी एकदा फार ठासून बोललो होतो. ते बोलणं मला मागे घ्यायचं आहे, म्हणून लिहितो आहे.

जुन्या गाजलेल्या भुताच्या सिनेमांचे रिमेक निघतात, आणि आता त्या रिमेकचेही पुढचे भाग निघायला लागलेत. ते काढावेत का, असं सरांनी वर्गात विचारलं होतं. माझ्या शेजारी बसणारा, आमच्याच तालुक्याच्या मालेगावचा मित्र म्हणाला, "सर, भूत मेलंच नाई तं पिच्चर संपन कसा?" सगळे हसले. मी मात्र उभा राहिलो. म्हणालो, "गोष्ट पहिल्या सिनेमाची असते. रिमेक तिच्या घरात राहायला येतो. राहू द्या त्याला, पण त्याचा वंश वाढवायची काही गरज नाही."

मित्र हळूच म्हणाला, "काय बे, पिच्चरवर बोलून राह्यला का सोयरिकीवर?"

मी हसलो आणि खाली बसलो. त्याला काही माहीत नव्हतं.

ज्या सिनेमाचा विचार करून मी बोललो होतो, तो जुना सिनेमा मी मायसोबत पाहिला होता. आमचं गाव मेडशी. शेजारच्या काकूंकडे टीव्ही होता आणि दुपारी शेतातली कामं नसली की बाया तिथे जमायच्या. मायला भुताचे सिनेमे फार आवडायचे. पदर डोळ्यांवर ओढून ती त्यातून पाहायची आणि भीती वाटली की हसायची. त्या सिनेमात एका माणसाची पहिली बायको मरते, तो दुसरी करतो, आणि दुसरीला घरात पैंजण ऐकू येतात. भूत शेवटपर्यंत नीट दिसतच नाही. फरशीवर ओली पावलं दिसतात, आरशासमोरचा कंगवा हललेला असतो, बस्स. शेवटी एक मांत्रिक पहिलीच्या बांगड्या आणि केस जाळतो आणि पैंजण थांबतात. काकू म्हणाल्या, "सुटली बाप्पा एकदाची!"

माय म्हणाली, "तिले काहून जाळून राह्यले हे? तिचंच तं घर होय."

पुढच्याच वर्षी माय कावीळ होऊन गेली. मी आठ वर्षांचा होतो.

दोन वर्षांनी बाबांनी दुसरं लग्न केलं. मी तिला मावशी म्हणतो. आमच्याकडे पहिली बायको वारलेली असली तर दुसरी तिची चांदीची लहानशी प्रतिमा गळ्यात घालते. त्या प्रतिमेलाच सवत म्हणतात. नवं लुगडं आणलं की आधी सवतीला लावायचं, मग स्वतः नेसायचं. सणाला आधी तिला हळदकुंकू. असं केलं नाही तर पहिली त्रास देते, दुसरीचं लेकरू टिकू देत नाही, असं म्हणतात. मावशी पहिल्यांदा मला जेवायला वाढायला वाकली, तेव्हा ती सवत पोलक्यातून बाहेर येऊन माझ्या ताटावर झुलली. आत्या म्हणाली, "पाह्य, त्याच्यात तुही माय हाय."

त्या दिवसापासून मी मावशीच्या तोंडाकडे कमी आणि गळ्याकडे जास्त पाहायचो. एका दुपारी ती न्हाणीत गेलेली असताना सवत खुंटीवर टांगलेली दिसली. मी ती हातात घेतली. ती अजून गरम होती. मी तिला तोंडाजवळ नेऊन म्हणालो, "माय, इले इथं राहू देऊ नको. इचं काईच होऊ देऊ नको."

मावशीची दोन लेकरं पोटातच गेली. पहिल्या वेळी मी सहावीत होतो, दुसऱ्या वेळी दहावीत. हे योगायोग असतात हे मला आज कळतं, विज्ञानाच्या पुस्तकातही तसंच आहे. पण त्या दोन्ही वेळी मी घराच्या मागच्या भिंतीला टेकून उभा होतो आणि मला वाटत होतं, मायनं ऐकलं. याहून भीतीदायक कुठला सिनेमा मी पाहिलेला नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेलो तेव्हा त्या जुन्या सिनेमाचा रिमेक मोबाईलवर आला होता. मावशीला पुन्हा दिवस गेले होते, चौथा महिना होता. ती ओट्यावर सुपात सोयाबीन पाखडत बसली होती. मी बाजूला बसून सिनेमा लावला. का लावला, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. तिला घाबरवायचं माझ्या मनात नव्हतं असं वाटतं, पण शपथेवर सांगू शकत नाही.

रिमेकमध्ये पहिली बायको उघड दिसते. तिला चेहराच नाही. नाक-डोळे कोणी पुसून टाकल्यासारखे. ते पाहून माझ्याच अंगावर काटा आला, कारण मावशीच्या गळ्यातली सवतही दहा वर्षांत घासून तशीच झाली आहे. आणि खरं सांगायचं तर मायचा चेहराही मला आता नीट आठवत नाही. राशन कार्डावरच्या फोटोत ती आहे, पण त्यावर शिक्का पडलेला आहे.

या सिनेमात मांत्रिक हरतो. दुसरी बायको गरोदर असते, आणि शेवटच्या दृश्यात पहिली येऊन रिकामा पाळणा हलवते. मग पडद्यावर अक्षरं येतात की दुसरा भाग लवकरच.

सूप थांबलं होतं. मावशीनं विचारलं, "दुसऱ्या भागात काय करते ते? लेकराचं काय करते?"

"अजून निंघाला नाई," मी म्हणालो.

"पण काय करन, तुले काय वाटते?" तिनं गळ्यातली सवत मुठीत धरली होती. "तुही माय होय. तुले माईत असन. तिचा राग गेला असन का रे?"

मला एवढंच म्हणायचं होतं, की माय तशी नव्हती. ती भुताकडे पाहून हसायची. पण मी मोबाईल खिशात घातला आणि उठून गेलो. सुट्टी संपल्यावर वर्गात येऊन मी ते वंशाचं वाक्य बोललो.

सातव्या महिन्यात तिला माहेरी, इंझोरीला पोचवायचं होतं. बाबा तुरीच्या कापणीत अडकले होते, म्हणून मी गेलो. मालेगावच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. बाकावर ती पिशवी मांडीवर घेऊन बसली, मी समोर उभा. गाडीचा पत्ता नव्हता. शेवटी मी सांगून टाकलं, खुंटीवरच्या सवतीला काय म्हणालो होतो ते. सांगताना मी तिच्याकडे पाहू शकलो नाही, समोरच्या रसवंतीकडे पाहत होतो.

ती म्हणाली, "मले माईत हाय."

"कसं काय?"

"म्या आयकलं होतं. न्हाणीच्या दारातच उभी होती मी."

"मंग कधी बोलली काहून नाई?"

"काय बोलू? तू तुह्या मायशी बोलून राह्यला होता. मी मधात कायले पडू?" मग ती जरा हसली. "म्याई रोज बोलतो तिच्याशी. तुह्या तक्रारी सांगतो. पोट्टं रोडावलं, पोट्टं मोबाईलच पाह्यते."

मला रडू आलं. ती म्हणाली, "बस ना आता, लोकं पाहून राह्यले. अन् तो पिच्चर पुरा निंघाला का मले दाखवजो. अर्ध्यावर सोडलं का झोप येत नाई माणसाले."

तेव्हापासून मी सरांच्या प्रश्नाचा वेगळा विचार करतो आहे. रिमेक वाईट असू शकतो; हा तर भूतच उघड दाखवून बसला, जे न दाखवण्यातच जुन्याची भीती होती. तरी एक गोष्ट त्यानं केली. जुन्या सिनेमात दुसरी बायको फक्त घाबरायला होती. पहिली गेली की दुसरीची गोष्टही संपायची. रिमेकनं तिच्या पोटात लेकरू दिलं, आणि मग शेवटी पाळणा रिकामाच ठेवून तिला तिथं सोडलं. असं सोडता येत नाही. पुढचा भाग हवा तो भुतासाठी नाही, तिच्यासाठी हवा. तो चांगला निघेल की नाही हे मला सांगता येणार नाही. पण तो काढूच नये, असं मी आता म्हणणार नाही.

एवढं लिहून झालं आणि बाबा घाईनं इंझोरीला गेल्याचा निरोप आला. मग दोन दिवस कोणाचाच फोन लागेना. मावशीच्या माहेरी रेंज धड नसते. मी वर्गात बसलो, जेवलो, हा लेख तीनदा उतरवून काढला, आणि प्रत्येक वेळी पाळण्याच्या वाक्यापाशी थांबलो. एकदा हात आपोआप जोडले गेले. काय मागावं ते नेमकं सुचेना. मी फक्त म्हणालो, "माय, मी लहान होतो तवा."

आज दुपारी, दुसऱ्या तासाच्या मधेच, बाबांचा फोन आला. मी बाहेर व्हरांड्यात धावलो. बाबा दवाखान्यातून बोलत होते, आवाज तुटत होता.

"पोरगी झाली. दोघी बऱ्या हायेत. नर्सबाईनं गळ्यातलं सारं काढाले लावलं होतं, तं सवत माह्या मुठीत देली होती तिनं. मी बाहीर तशीच धरून बसलो होतो." मग नुसती खरखर आली. मला वाटलं फोन कटला.

"शुद्धीवर आली तं पयले सवतच मांगतली," बाबा म्हणाले. "लेकरू पयले तुह्या मायले दाखवलं तिनं. मंग मले."