राखणदारीण मागे का राहिली

एका बाईच्या वागण्याचा अर्थ लावण्यात माझी काही वर्षं गेली, आणि ती बाई मुळात अस्तित्वातच नाही. व्हिडिओ गेममधलं ते एक पात्र. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मी हे कधी बोलले नाही. चाळिशीला आलेली, अकरावी-बारावीला गणित शिकवणारी बाई दुपारी घरी जाऊन कानाला हेडफोन लावते आणि परक्या ग्रहांवर हिंडते हे कळलं असतं, तर माझं लग्न का झालं नाही याचं कारण तिथल्या मंडळींनी चहा निवायच्या आत शोधून काढलं असतं.

गेमची गोष्ट साधी आहे. फार लांबच्या एका थंडगार चंद्रावर माणसांची वस्ती असते. तिथे काहीतरी बिघडतं आणि एक दिवस सगळे यानात बसून निघून जातात. एक बाई तेवढी मागे राहते. वस्तीवरचा दिवा पेटता ठेवणं हे तिचं काम. आपण खेळणारे तिथे पोचतो तेव्हा तीही नसते. तिची खोली असते, भांडी असतात, आणि तिने रेकॉर्ड करून ठेवलेला आवाज असतो. शेवटच्या रेकॉर्डिंगमध्ये ती म्हणते, "मी राहिले. कोणीतरी राहायला हवंच होतं." आम्ही मराठी खेळणारे तिला राखणदारीण म्हणतो.

आमचा एक ऑनलाइन ग्रुप आहे. तिथे वाद एकच, आणि तो कधी संपत नाही: ती स्वखुशीने राहिली, की तिला टाकून गेले? बहुतेकांचं मत स्वखुशीने. त्याग, कर्तव्य, दिव्यासारखं जळणं, असलं सगळं. या पक्षात सगळ्यांच्या पुढे माझा धाकटा भाऊ. तो बेंगळुरूला नोकरी करतो, बायको-मुलासकट तिथेच असतो. हा गेम मला त्यानेच घेऊन दिला. बाबा अंथरुणाला खिळले त्या वर्षी म्हणाला, "ताई, बाबांपाशी बसून बसून तुझा वेळ जात नसेल, हे खेळत जा." वेळ जात नाही हे त्याला कुणी सांगितलं होतं, देव जाणे. घरात बाबा, आई आणि मी एवढेच, मला तर वेळच मिळत नव्हता.

पण खेळले. बाबांच्या खाटेशेजारी बसून, एक कान गेममध्ये आणि एक त्यांच्या खोकल्याकडे ठेवून. आणि मला दोन गोष्टी सापडल्या. एक म्हणजे राखणदारिणीच्या दाराशी असलेली पिशवी. सगळे तिला सजावट समजून पुढे जातात. मी वाकून पाहिली तर आत घडी केलेले गरम कपडे, अगदी प्रवासाला निघाल्यासारखे. दुसरी गोष्ट आवाजातली. तिच्या बाकी सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये मागे यानाच्या इंजिनाची बारीक घरघर ऐकू येते. "मी राहिले" म्हणते त्यात ती नाही. मागे एकदम शांत. म्हणजे यान गेल्यावर ती हे बोलली आहे. जो आधी ठरवतो तो आधी सांगतो. आधी घडून गेलं आणि मग तिने त्याला वाक्य शोधलं, असं माझं म्हणणं.

भावाला हे कधी पटलं नाही. "ताई, तू फार कडू विचार करतेस," तो म्हणायचा. ज्याचं जळतं त्याला कळतं, हे मी त्याला म्हणाले नाही.

बाबा शाळेत क्लार्क होते. आयुष्यात कधी चित्रपटाला गेले नाहीत, पण हा गेम उशीवरून मान वळवून बघायचे. मधेच विचारायचे, "ती बाई अजून तितंच हाय का?"

"हो बाबा."

"कुणी न्ह्यायला आलं न्हाय?"

"नाही."

"लई वाईट झालं की," असं म्हणून ते परत डोळे मिटायचे. माझ्या बाजूने मत देणारे ग्रुपबाहेरचे ते एकटेच.

राखणदारिणीवर मी ग्रुपवर लिहिलेले लांबलचक लेख पुण्यातल्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीतल्या बाईंनी वाचले. एक दिवस त्यांचा फोन आला. त्यांना मराठीत गोष्टी लिहिणारं माणूस हवं होतं. पात्रांचं मागचं आयुष्य रचायचं, त्यांच्या खोल्यांत काय काय पडलेलं असेल ते ठरवायचं. असं काम जगात असतं आणि त्याचा पगार मिळतो, हेच मला आधी खरं वाटेना. अट एकच होती, पुण्यात येऊन राहायचं. मी बाबांना सांगितलं. ते पंख्याकडे बघत म्हणाले, "बघ की." या दोन शब्दांचा अर्थ मी राखणदारिणीच्या सगळ्या रेकॉर्डिंगपेक्षा जास्त वेळ लावत बसले. जा असा, की विचार कर असा, की तुझं तू बघ असा, काही कळलं नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत बाबा गेले. पाहुण्यांनी भरलेल्या घरातून मी पुण्याच्या बाईंना फोनवर सांगितलं, दिवस झाले की कळवते.

दहाव्याला आम्ही सीनेच्या काठावर गेलो. उन्हाने नदीत डबकी उरलेली. आमच्यात बायका घाटावर जात नाहीत, पण मी निघाले तेव्हा कुणी अडवलं नाही. इतकी वर्षं त्यांचं सगळं हिनेच केलं, आता काय अडवायचं, असं काहीसं त्यांच्या मनात असावं. मला सोबत म्हणून आत्याही आली. दगडावर पिंड मांडला आणि आम्ही मागे सरून उभे राहिलो. पलीकडच्या बाभळीवर कावळे होते, पण एकही हलेना.

गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल. बोला कुणीतरी."

मग सुरू झालं. मोडनिंबचे काका पुढे होऊन म्हणाले, "दादा, हिरीच्या पाण्याच्या पाळीवरनं आपलं वाजलं, ते मनात धरू नगंस." कावळा ढिम्म. आत्या म्हणाली, नातवाला सुट्टीत सोलापूरला आणत जाऊ. कावळ्याने मान वळवून भलतीकडेच पाहिलं. मला तिथे उभ्या उभ्या आमचा ग्रुप आठवला. गेलेल्या माणसाच्या मनात काय होतं ते ज्याने त्याने आपल्या सोयीने सांगायचं, आणि ते माणूस तर उत्तर द्यायला नाही. मी दमले होते. कधी एकदा शिवतो आणि घरी जाऊन पाठ टेकते, असं झालं होतं.

तेवढ्यात भावाने डोळे मिटून, हात जोडून मोठ्याने म्हटलं, "बाबा, आईची काळजी करू नका. ताई आईला सोडून कुठंही जाणार नाही."

आणि कावळा शिवला.

लोकांनी सुस्कारे सोडले. आत्या रडायला लागली. काका माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बघ पोरी, तुझ्यात जीव आडकला हुता त्येचा."

पण मी डोळे मिटले नव्हते. सगळ्यांनी मिटले होते, एकटी मी कावळ्याकडे बघत होते. बारीकसारीक बघायची सवयच लागलेली. भावाने तोंड उघडलं त्याच्या आधीच तो बाभळीवरून सुटला होता. डबक्यावरून अर्ध्यापर्यंत आला होता तो! वाक्य मागून आलं. मला संताप आला. पुण्याचं भावाला माहीत होतं. आठवडाही झाला नव्हता त्याला सांगून.

परतताना गाडीत मी त्याला म्हणाले, "तू बोलायच्या आधीच तो निघाला होता."

"ताई, इथेसुद्धा सुरू झालं का तुझं?"

"मी बघत होते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, एवढंच."

"मी काही ठरवून नाही बोललो गं. सुचलं ते बोललो," तो म्हणाला, आणि ते खरंच असावं. "पण शिवला ना? बाबांचीच इच्छा म्हणायची."

मी गाडीची काच खाली केली. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं? आईला सांगू, असं मी ठरवलं. आईचा स्वभाव रोखठोक. माहेर वेळापूरचं, बोलणं तिकडचंच. ती म्हणेल, कावळ्याला भूक लागली आसंल, तू तुझं बघ. एवढं ती म्हणाली की मी पुण्याला फोन करणार होते.

पण दारातच काकांनी तिला सगळं सांगून टाकलं. बाबा गेल्यापासून आई भिंतीला टेकून बसलेली असायची. पुढ्यातलं ताट तसंच परत जायचं. काकांचं बोलणं संपलं तशी तिने पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "जाता जाता माझी सोय लावली गं त्येंनी. मला वाटलं, माझं काय बोललंच न्हाईत." त्या दुपारी ती सगळ्यांच्या पंगतीला बसली. भाकरी मोडून आमटीत कुस्करली, मागून घेऊन जेवली, आणि तिथेच आडवी होऊन शांत झोपली. मी तिच्या उशाशी बसून होते. सगळा पुरावा माझ्या जिभेवर होता. तो मी गिळला.

तेराव्यानंतर सगळे निघाले. काका सकाळीच गेले. दुपारी भावाची रिक्षा आली. आईने त्याला शेंगाची चटणी आणि कडक भाकरी बांधून दिली. रिक्षात बसताना तो मला म्हणाला, "ताई, काही लागलं तर फोन कर." कोपऱ्यावर वळेपर्यंत रिक्षाचा आवाज येत होता. मग तो थांबला. आई पुतण्यांनी पसरलेल्या सतरंज्या गोळा करत आतल्या खोलीत गेली.

मी पुण्याला फोन लावला.

"मी इथेच राहायचं ठरवलंय," मी म्हणाले. "आईपाशी कोणीतरी राहायला हवं."

त्या बाई हळहळल्या. चांगल्या होत्या. "तुमचा स्वतःचा निर्णय आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

त्यांनी बरं म्हटलं. मग म्हणाल्या, "मागे अगदी शांत वाटतंय. मागच्या वेळी केवढा गलका होता. पाहुणे गेले वाटतं?"

"हो," मी म्हणाले. "सगळे आत्ताच गेले."