मंगळबाईंचं रजिस्टर

मंगळबाई कुणाला नाव-गाव विचारायच्या आधी आभाळाकडे बोट दाखवायच्या. "तो लाल तारा दिसते ना, मंगळ? तुमच्या घरी त्याले काय म्हणतात?" समोर फॉरेस्टचा गार्ड असो, बांगडीवाला असो, नाहीतर मुलीला सोडायला आलेला बाप असो. भर दुपारीही हेच. आभाळात मंगळ नसला तरी बोट वरच. बिचारा माणूस मान वर करून डोळे किलकिले करायचा आणि आम्ही पदराआड हसायचो.

अहेरीच्या पुढे, जंगलातल्या मुलींच्या वसतिगृहात त्या रेक्टर होत्या आणि शाळेत भूगोल शिकवायच्या. मी बाविसाव्या वर्षी तिथे नोकरीला लागले आणि त्यांच्याच क्वार्टरमध्ये राहिले. पहिल्याच दिवशी एका मुलीने माझ्या कानात सांगितलं, "मॅडम, बाईले कडक मंगळ आहे. म्हणून लगन नाई झालं." मी हबकलेच. ज्या ग्रहापायी बाई जन्मभर बिनलग्नाची राहिली, त्याचीच नावं ती लाडाने गोळा करत होती! माझ्याही पत्रिकेत मंगळ. अशा मुलीचा नवरा मरतो म्हणतात, म्हणून दोन स्थळं दारातूनच परतली होती. मी तर त्या मेल्याचं नाव घेतलं नसतं.

त्यांचं एक जाडजूड रजिस्टर होतं, खाकी कव्हर घातलेलं. पोरींच्या वह्यांना दरवर्षी नवी कव्हरं घालणारी ही बाई स्वतःच्या रजिस्टरचं कव्हर मात्र कधी बदलायची नाही. फाटलं की वरून चिकटपट्टी. आत चार रकाने : भाषा, नाव, अर्थ, कोणी सांगितलं. समासात तारीख. तेलुगूत अंगारकुडु, म्हणजे निखारा, सांगणारी सिरोंच्याची स्वयंपाकीण. तामीळमध्ये सेव्वाय, म्हणजे तांबडा, सांगणारा बसमधला एक जवान. उर्दूत मिर्रीख. बांगडीवाल्या चाचांना अर्थ येत नव्हता, तर ती जागा मोकळी. संस्कृतात भौम, भूमीचा मुलगा. इंग्रजीतला मार्स हा रोमचा लढाईचा देव. चिनी लोक त्याला आगीचा तारा म्हणतात, हे कुठल्याशा पुस्तकातून उतरवलेलं. एका गोंड मुलीने सांगितलं, "माझी आजी नुसतं लाल तारा म्हणते. त्याले कोणी भेत नाई." बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी तिला स्वतःच्या ताटातला लाडू उचलून दिला.

गंमत म्हणजे पहिलीच ओळ अर्धवट होती. भाषा मराठी, नाव मंगळ, अर्थ कोरा! मी चिडवायची, "बाई, जगाचे अर्थ लिहिले आणि आपलाच राहिला? मंगळ म्हणजे शुभ, शेंबड्या पोरालाही माहीत आहे." त्या कव्हरवरून हात फिरवत म्हणायच्या, "थांब जरा. मले नक्की समजू दे, मंग लिहीन."

तिसऱ्या वर्षी वरोऱ्याचं एक स्थळ आलं. मुलाला मी पसंत होते, मलाही तो आवडला होता. पण त्याच्या आईला मंगळाचं कळलं आणि निरोप आला : आधी मुलीचं लग्न मातीच्या मडक्याशी लावा, ते फोडा, मग आम्ही पुढचं बघू. माझे आईवडील कबूल झाले. रडून रडून मीही हो म्हणाले. बाईंनी ऐकलं मात्र, रजिस्टर काखेत मारलं आणि सकाळची पहिली एसटी धरली. तीन गाड्या बदलून वरोरा! मी शरमेने मान खाली घालून मागे.

माझ्या होणाऱ्या सासूसमोर त्यांनी बैठक मारली आणि सगळी नावं वाचून दाखवली. चहा निवला तरी वाचतच होत्या. शेवटी रजिस्टर मिटून म्हणाल्या, "बाई, हा निखारा आहे, लढवय्या आहे, भूमीचा पोरगा आहे. यातला कोणता येऊन तुमच्या पोराले मारणार आहे, ते सांगा. त्या तांबड्या दगडाले तुमच्या घराचा पत्ता तरी माहीत आहे काय?" सासूबाई आधी लाल झाल्या, मग खो खो हसल्या. मडकं राहिलं बाजूला, लग्न झालं. आज पंचवीस वर्षं झाली, नवरा ठणठणीत आहे, रोज सकाळी चहावरून माझ्याशी भांडतो.

परतताना बसमध्ये मी विचारलं होतं, "माझ्यासाठी एवढं भांडलात, स्वतःसाठी का नाही?" रजिस्टर मांडीवर नीट ठेवत बाई म्हणाल्या, "माझ्या वेळी रजिस्टर कुठी होतं, पोरी!"

रिटायर झाल्यावर त्या चंद्रपूरला धाकट्या भावाकडे राहायला गेल्या आणि तिथेच वारल्या. तेरवीला मी गेले. पंगत उठल्यावर त्यांच्या भावाशी बोलताना माझा बांध फुटला. म्हटलं, "भाऊ, त्या मेल्या मंगळाने आमच्या बाईचं वाटोळं केलं."

भाऊ सुपारी कातरत होते. अगदी सहज म्हणाले, "मंगळ? अहो ताई, तिच्या पत्रिकेत मंगळ होताच कुठी! आमचे बाबाच येणाऱ्या स्थळांले मंगळ आहे म्हणून सांगत. आई अंथरुणावर, मी शाळेत, घरात पगार तिचा एकटीचा. तिचं लगन झालं असतं तर आमच्याकडे कोणी पाह्यलं असतं? आता ती गेली, काय लपवाचं!"

मी हातातला पाण्याचा गडवा खाली ठेवला. कसाबसा एकच प्रश्न विचारला, "बाईंना माहीत होतं?"

"छे! तिले काऊन सांगू? मरेपर्यंत नाई सांगितलं." मग त्यांनी कोपऱ्यातल्या ट्रंकेकडे बोट केलं. "तिचं ते रजिस्टर रद्दीत चाललं आहे. पाहिजे तर घेऊन जा."

मी ते उचललं, कुणाचा निरोपही न घेता बाहेर पडले आणि वरोऱ्याची बस पकडली. डोक्यात एकच विचार होता, की बाई फसवलेल्याच गेल्या. रजिस्टर इतकं घट्ट धरलं होतं की जुनं कव्हर फाटलं. आतून एक घडी केलेला कागद मांडीवर पडला. बाईंची जन्मपत्रिका. खाली बाईंचंच अक्षर : 'मूल गावच्या जोशीबुवांना दाखवली. मंगळ नाही.' तारीखही होती. मी घाईघाईने पहिलं पान उघडलं. रजिस्टरची पहिली नोंद दुसऱ्याच दिवसाची होती.

म्हणजे बाईंना माहीत होतं! मी तिथे जायच्याही कितीतरी आधीपासून. बापाला विचारलं नाही, भावावर ओरडल्या नाहीत, पगार घरी पाठवत राहिल्या. आणि येईल-जाईल त्याला विचारत राहिल्या, तुमच्या घरी त्याले काय म्हणतात?

पहिल्या ओळीतला तो कोरा अर्थही आता भरलेला होता. शाई नवी, अक्षर थरथरतं, आजारपणातलं. मराठी. मंगळ. अर्थ : 'माझ्या घरच्यांची सोय.'

मी भर बसमध्ये हुंदके देऊन रडायला लागले. शेजारची बाई घाबरली. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "काऊन रडून राह्यल्या ताई? कोणी गेलं काय?"

"हो," मी म्हटलं. "जाऊन तेरा दिवस झाले. मले आज समजलं."