मी ग्लास भरला नाही

"कोयत्यावाल्या पोरी इकडं थांबा. बाकीच्या सामान घेऊन वर जा."

सुट्टी संपवून वाशीमच्या सरकारी वसतिगृहावर परत आलो की रेक्टर मॅडम व्हरांड्यात उभ्या राहून असं म्हणायच्या. पाठीवरची बॅगही उतरवलेली नसायची. बाकीच्या म्हणजे ज्यांचे आईबाप घरी असतात त्या. कोयत्यावाल्या म्हणजे ज्यांचे आईबाप ऊस तोडायला गेलेले.

प्रत्येकीच्या हातात प्लास्टिकचा ग्लास. संडासाचं दार नुसतं लोटायचं, कडी लावायची नाही. पोरी पाणी मिसळून फसवतात म्हणून बाहेर मावशी उभी. मग तो भरलेला ग्लास सगळ्यांच्या देखत ऑफिसपर्यंत न्यायचा. मॅडम पट्टी काढायच्या, दोन थेंब टाकायच्या. एक रेघ उमटली तर जा. दोन उमटल्या तर पोटात पोर.

पहिल्या वर्षी मी विचारलं होतं, "मॅडम, आमचीच काहून?"

"तुमच्या घरी कोणी असतं का? सुट्टीत तुमच्यावर लक्ष कोणाचं? उद्या काही झालं तर नाव आमचं जाईल."

मावशी हसली. "पोट काय झाकून राह्यते का? आधीच पाह्यलेलं बरं."

मी ग्लास भरला.

माझा तांडा पोहरादेवीच्या पलीकडं. जमीन मुरमाड. सोयाबीन निघालं की घरात काही उरत नाही. मग याडी आणि बा, म्हणजे माझे आईबाप, मुकादमाच्या ट्रकात बसून पश्चिमेकडं जातात. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकट्या माणसाला कोणी नेत नाही. म्हणून दोघंही जातात आणि घराला कुलूप लागतं. सुट्टीत मी ते कुलूप उघडायचे, मामाकडून धाकटीला आणायचे, चूल पेटवायचे. आम्ही दोघी बहिणी भाकर खायचो, एका चादरीत झोपायचो. तेवढंच आमचं कुटुंब, तेवढ्याच दिवसांचं. आणि त्याच दिवसांवर मॅडमचा संशय.

बाला वाटायचं, कावीळ-बिवीळ बघतात. प्रवेशाच्या कागदांत आरोग्य तपासणीला पालकांची संमती होती, त्यानं खुशीनं सही केली. तांडाभर सांगत फिरला, "मॅडम पोरीईची लय काळजी घेते. गावावून आल्या का लघवी तपासते." त्याच्या शब्दावर आणखी दोन घरांनी पोरी तिथं घातल्या. बापाला हे कोणत्या शब्दांत सांगतात?

त्या दोघींतली एक रविना. माझ्यापेक्षा एक वर्षानं लहान. माझ्या दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर तिच्या पट्टीवर दुसरी रेघ दिसली. पुसट. मॅडमनी पट्टी खिडकीत नेऊन उजेडात धरली, सगळ्यांना दाखवली आणि तिथूनच तिच्या बापाला फोन लावला. "तुमची मुलगी घेऊन जा." डॉक्टर नाही, दुसरी तपासणी नाही. बाप उसाच्या फडातून एसटीनं आला आणि गेटातच त्यानं तिला मारायला सुरुवात केली. वॉचमननं खुर्ची बाजूला घेतली, तेवढंच. आम्ही वरच्या खिडकीतून बघत होतो. कोणीच खाली गेलं नाही. मीही नाही.

पुढं शेलूबाजारच्या डॉक्टरनं तपासलं. पोटात पोर नव्हतं. गाठ होती. गोळ्यांनी बरी होणारी. पण तोवर गोष्ट तांड्यात पोचली होती. बायको मेलेल्या एका माणसाशी तिचं लग्न लावून दिलं. आता तीही कोयत्यावर जाते.

मॅडम म्हणाल्या, "पट्टी चुकते कधी कधी. पण लग्न झालं ना तिचं? वाईट काय झालं?"

मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. राज्यशास्त्राच्या तासाला सर कलम एकवीस शिकवत होते. सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की माणसाचं खाजगीपण हा त्याचा मूलभूत हक्क आहे. त्याचं शरीर, त्याचं घर, त्याचं कुटुंब. सरकारलासुद्धा वाटेल तेव्हा त्यात हात घालता येत नाही. सर म्हणाले, "पाच मार्कांना येतं, खूण करून ठेवा." सगळ्यांनी खूण केली. माझं मात्र अंग तापलं. जे कोर्टानं सरकारला नाकारलं, ते या बाईला कोणी दिलं?

होळीहून परत आलो. पुन्हा व्हरांडा, पुन्हा ग्लास. मी तो रिकामाच मॅडमच्या टेबलावर ठेवला.

"लागली नाही का? पाणी पी."

"लागली आहे. देणार नाही."

"का गं? लपवण्यासारखं काही आहे वाटतं."

"हो. माझं अंग आहे."

मागं कोणीतरी खिदळलं. मॅडमचा चेहरा उतरला नाही, उलट आवाज चढला. "तपासणी नाही तर खोली नाही."

"तसं लिहून द्या. लघवी दिली नाही म्हणून काढलं, असं."

लिहून दिलं नाही. माझी पेटी मात्र व्हरांड्यात आणून आपटली. मग बाला फोन. स्पीकर चालू, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. "तुमची मुलगी तपासणी करू देत नाही. का देत नसेल, तुम्हीच समजा."

बा घाबरला. "दे ना बाई. दोन मिंटाचं काम. हॉस्टेल गेलं त कुठं राह्यशीन? घरी कोण हाये?"

खरंच होतं त्याचं. खोली गेली की कॉलेज गेलं. घरी फक्त कुलूप. एरवी मी त्याच्याशी आमच्या गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत बोलते. त्या दिवशी सगळ्यांना कळावं म्हणून मुद्दाम मराठीत बोलले. "बा, थे कावीळ नाई पाहत. पोटात पोर हाये का पाह्यते. दर सुट्टीले. रविनाचं तेच पाह्यलं."

पलीकडं फक्त ऊस पडल्याचा आवाज. फोन याडीनं घेतला. ती मॅडमशी जन्मात कधी बोलली नव्हती.

"माही पिशवी काढली तवा मले कोनं इचारलं नाई. मुकादम म्हने पाळीनं खाडे होते. डाक्टर म्हने काढून टाक. माह्या अंगाचं सगळ्याईनं ठरवलं. माह्या पोरीचं तुमी नाई ठरवाचं."

फोन कट.

त्या दिवशी बाकीच्या पोरींनी ग्लास भरले. एक जण जाता जाता म्हणाली, "आली मोठी वकीलीन." संध्याकाळी माझं ताट लागलं नाही. मी पेटीवर बसून तक्रार लिहिली.

दुसऱ्या दिवशी वसतिगृहांचा कारभार बघणाऱ्या सरकारी कार्यालयात बाबूनं अर्ज वाचला आणि आवाज खाली आणला. "पोरी, असल्या गोष्टी चवाट्यावर आणते का? तुहंच नाव खराब होईन."

"नाव खराब करून झालं, साहेब. अर्ज घ्या, पोच द्या."

दुसरी प्रत मानवी हक्क आयोगाला पाठवली. कॉलेजातल्या एका मुलीच्या घरी पडवीत झोपले. मला वकीलीन म्हणणारीनंच नंतर माझ्या तक्रारीला पाठिंबा म्हणून सही केली. तिच्यामागून आणखी दोघींनी.

चौकशीला एक बाई अधिकारी आल्या. मॅडमनी बाची सही पुढं केली. "पालकांची संमती आहे."

अधिकारी बाईंनी कागद उलटसुलट केला. "तपासणी कोणाच्या शरीराची?"

"मुलींची."

"मग मुलींची संमती कुठं आहे?"



मला खोली परत मिळाली. मॅडमना शिक्षा झाली नाही, बदली झाली. माफी कोणी मागितली नाही. रविनाला कोणी परत बोलावलं नाही, आणि आता बोलावून काय होणार? याडीच्या अंगातून जे काढलं ते कोणतं कोर्ट परत देत नाही. बा अजून माझ्या डोळ्यांत बघून बोलत नाही. त्याच्यावर माझा राग नाही. पण त्याच्या नजरेसाठी मी ग्लास भरला असता, असंही नाही.

मी पदवीधर झाले. आमच्या घरात पहिली. आता कायद्याला प्रवेश घेतला आहे. रविनाच्या वतीनं नुकसानभरपाईचा दावा लावायचा आहे. ती हो म्हणाली आहे. तिला विचारूनच लावणार.

त्या वसतिगृहात आता कोणत्याही पोरीची तशी तपासणी होत नाही. ती आपोआप बंद झाली नाही. मी बंद पाडली.