उतरलेला आकडा
काल लिफ्टला ग्रीस लावत होते, त्या वासाने नुकतीच गेलेली माझी ताई आठवली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आम्ही एव्हरशाईन सिटी या वसाहतीत नवे होतो आणि ती भूशास्त्रात एम.एस्सी. करत होती. जुना चिखल घट्ट होऊन बनलेल्या शेल खडकात लिथियम किती, हे तिला मोजायचं होतं. जवळच्या सातिवलीच्या एका कारखान्यातल्या चक्कीत तिने तुकडे दळून आणले. लिथियम इतकं निघालं की तिचे सर हरखले. ताईला मात्र दळलेल्या पुडीला ग्रीसचा वास आला. तिने कारखान्यात जाऊन ग्रीसचा डबा पाहिला. चक्कीला लावायचं ग्रीस लिथियमचंच होतं, आणि तेच पुडीत मिसळलं होतं. जेवताना बाबा म्हणाले, "गप्प बस की, पेपरात नाव येईल." "कशाबद्दल, बाबा? ग्रीस शोधलं म्हणून?" तिने सरांना सांगून टाकलं. पदवी लांबली. उरलेले तुकडे तिने गॅलरीत बसून दगडी खलात हाताने कुटले. नवा आकडा कितीतरी कमी, अगदी साधा आला, आणि तो तिने अशा तोऱ्यात दाखवला की आईने देवापुढे साखर ठेवली. हल्ली भेटायला येणारे ताईच्या मोठ्या हुद्द्याबद्दल बोलतात. मी त्यांना तो आकडा कसा उतरला, ते सांगतो.