दातांना सुरक्षित

आमच्या प्रयोगशाळेत गोळ्या-चॉकलेटं तपासून ‘दातांना सुरक्षित’ अशी खूण देत असत. पद्धत साधी होती. दाढ पडलेल्या माणसाला बारीक तार बसवलेली छोटी कवळी द्यायची. चार दिवस त्याने ती घासायची नाही, म्हणजे तिच्यावर कीट धरतं. पाचव्या दिवशी ती तार यंत्राला जोडून गोळी चघळायला लावायची. किटात आम्ल तयार झालं की यंत्रावरची रेघ खाली येते आणि गोळी नापास होते.

त्या खेपेला आमचा माणूस म्हणजे नारायण पेठेतले एक निवृत्त मास्तर. गोळी लहान मुलांची, संत्र्याच्या चवीची. मी चाखून पाहिली होती, नुसती साखर. तरी रेघ जागची हलेना. मी विचारलं, "कवळी घासली नाहीत ना?"

"अहो, म्हणजे काय! रोज दंतमंजन लावून घासली. खरकट्या तोंडाने पूजेला बसू? तुमचे नियम तुमच्या प्रयोगशाळेत."

वर सहभागाचं प्रमाणपत्र मिळेल का, अशी चौकशीही केली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तणतणत साहेबांकडे गेले. चाचणी पुन्हा घ्यायला हवी, म्हटलं. त्यांनी मान वर केली नाही.

"रेघ सरळ आली ना? मग झालं. शाळा सुरू व्हायच्या आत गोळीवाल्या कंपनीला माल बाजारात आणायचाय. आणि तुम्हाला नोकरीत कायम व्हायचंय ना?"

व्हायचं होतं. तपासणाऱ्याच्या जागी मी सही केली. त्या मास्तरांचा मला आजही संताप येतो. माझा स्वतःचा त्याहून जास्त येतो, पण तो कुणावर काढणार?

दिवाळीला बहीण आली. मांडीवर येऊन बसलेल्या भाचीच्या गालात तीच गोळी होती.

"हिला दुसरं काही देतच नाही," बहीण कौतुकाने म्हणाली. "तुमची खूण आहे म्हणून हव्या तेवढ्या खाऊ देते."

मी भाचीला आ करायला लावलं. पुढचे दात कडेने काळे पडले होते. मग मी सगळं ओकून टाकलं. मास्तरांना शिव्या घातल्या, साहेबांना घातल्या, सहीचंही सांगितलं.

बहिणीने शांतपणे ऐकून घेतलं.

"मास्तरांनी निदान विचारल्याबरोबर खरं सांगितलं," ती म्हणाली. "तू दिवाळीपर्यंत थांबलीस."

आणि तिने माझ्या मांडीवरून मुलीला उचलून घेतलं.