दुपारी चालणारी लाल गाडी

नवी पेठेतल्या दुकानदारानं मला आधीच बजावलं होतं. "ताई, ही लाल गाडी नका घेऊ. असल्या सगळ्या गाड्या एकमेकींच्या रिमोटवर चालतात. शेजारी कुणाकडं असली, तर त्याच्या बटणावर तुमची पळेल. ही निळी घ्या, ती फक्त आपलाच रिमोट ओळखते." पण दुकानदारानं भारीतली वस्तू पुढं सरकवली की माझं डोकंच फिरतं. "आमच्या बोळात कुणाकडं नाही असली गाडी," म्हटलं आणि लालच बांधून घेतली. भाचीलाही तीच हवी होती.

भाची सहा वर्षांची. तिचा बाप, माझा धाकटा भाऊ, दिवाळीच्या आधी गेला. रिमोटची गाडी आणतो असं तिला कबूल करून दवाखान्यात गेला तो परत आलाच नाही. तेव्हापासून वहिनी आणि पोर माझ्याकडंच आहेत.

गाडी आणून चार-पाच दिवस झाले असतील. सोलापूरचं फाल्गुनातलं ऊन, दारं-खिडक्या लावून आम्ही फरशीवर आडव्या झालो होतो. रिमोट कपाटावर. दोनच्या सुमारास गाडी पलंगाखालून घर्रकन बाहेर आली, थांबली, पुन्हा थोडी पुढं सरकली आणि भाचीच्या पायाशी उभी राहिली. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. भाची जरासुद्धा दचकली नाही.

"बाबा आले," ती म्हणाली.

दुकानदाराचं बोलणं मला आठवलं, नाही असं नाही. पण आठवणं वेगळं आणि त्या अंधाऱ्या खोलीत चाकांचा आवाज ऐकणं वेगळं! दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच, आणि बरोबर दोनलाच. भाची पोटात दुखतंय म्हणून शाळा बुडवायला लागली. दोनपर्यंत घासाला शिवेना, बाबा आल्यावर जेवायचं म्हणे. एकदा चिडून मी गाडीचं खालचं बटण बंद करून ठेवलं, तर पोर संध्याकाळपर्यंत उपाशी गाडीशेजारी बसून राहिली. शेवटी मलाच रडू फुटलं. आणि वहिनी! दोन वाजायला आले की ती केस विंचरून बसायची. ते बघून मला लई भ्या वाटलं.

बास झालं, म्हटलं. बाप आता नाही, हे पोरीच्या डोक्यात शिरल्याशिवाय ती ना जेवणार, ना शाळेला जाणार. दुसरा रिमोट तिला डोळ्यांनी दाखवायचाच. घरोघर विचारत फिरले. मागच्या बोळातल्या एका बाईनं सांगितलं, "तातांकडं बघा. त्यांच्या नातवाकडं तसलीच होती."

ताता म्हणजे आमच्या घराला पाठ लावून असलेल्या घरातले म्हातारे. सगळा जन्म मागावर चादरी विणण्यात गेलेला, घरात तेलुगू. मुलगा, सून, नातू पुण्याला गेल्यापासून एकटेच असतात. दुसऱ्या दिवशी दोनला मिनिटभर कमी असताना मी भाचीचा हात धरून त्यांच्या दारात उभी राहिले.

ताता भिंतीकडं तोंड करून खुर्चीत बसले होते. मांडीवर रिमोट.

"ताता, गाडी कुठाय?" मी विचारलं.

"गाडी कवाच मोडली. नातू हे एवढं हितं टाकून गेला. नुसतं दाबत बसतो मी."

त्यांनी अंगठा दाबला. भिंतीपलीकडं आमच्या घरात घर्र झालं. पाठोपाठ वहिनीचा आवाज आला, अगदी हळू, "आलात?"

मी भाचीला पुढं ओढलं. "बघितलंस? हे ताता चालवतात ती गाडी. बाबा नाहीत. बाबा आता कधीच येणार नाहीत, कळलं का?" बोलून झाल्यावर माझीच मला लाज वाटली. असं कुणी सांगतं का लेकराला?

भाची रडली नाही. जवळ जाऊन तिनं तातांचा अंगठा निरखून पाहिला.

"रोज दोनलाच का दाबता?"

भिंतीवरचं घड्याळ बंद होतं, त्याच्याकडं तातांनी उगाच पाहिलं.

"कुणास ठाऊक, पोरी. मला टाइम बी कळत न्हाय. हात आपोआप जातोय की."

भाची माझ्याकडं वळली. तिचा चेहरा इतका शांत मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

"आत्या, घरी चल," ती म्हणाली. "मला भूक लागली."