नववे बोट

अमळनेरहून निघालेली पॅसेंजर सुरतेजवळच्या उधन्याला पोहोचली तेव्हा ऊन चढले होते. दुसऱ्या दिवशी अखाजी (अक्षय्य तृतीया) होती. त्या दिवशी पितर पाणी प्यायला येतात असे आम्ही खानदेशी मानतो. घागर भरायची, एकेका मृताचे नाव घ्यायचे आणि उंबरठ्यावर कुंकवाचे एकेक बोट ओढायचे. आमच्या घराण्यातील जुनी नावे केवळ थोरल्या भावाला पाठ होती. त्याची स्मृती जात असल्याचे पत्र आले, म्हणून ती नावे उतरवून घेण्यास निघालो. अकरा वर्षांनी.

स्थानकावर पुतण्या भगवान आला होता. तो संगणकावर साड्यांच्या नक्ष्या काढतो. खिशात फ्लॉपी ठेवून हिंडतो.

"भाऊ कसा आहे?"

"मशीन चालू आहे, काका. मेमरी उडाली. मधूनच हँग होतात."

"बापाविषयी बोलतो आहेस."

त्याने माझी पिशवी उचलली.

नवागामच्या गल्लीत दोन्ही बाजूंना लूमची खाती (यंत्रमागांचे कारखाने) आहेत. खटखटाट इतका, की माणसे ओठ पाहून बोलणे समजून घेतात. भगवानच्या बायकोने कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा वाढला.

"काका, यांना जेवायला हाक मारली तर म्हणतात, थांब, लोड होतोय!" ती हसली.

भाऊ भिंतीकडे पाहत होता. त्याने मला ओळखले नाही.

सकाळी घागर भरली. भावापुढे कुंकू ठेवले. मी वही उघडली. तो नुसता बसून राहिला.

"हँग," भगवान पुटपुटला.

तेवढ्यात वीज गेली. गल्लीतले सारे लूम एका क्षणात थांबले. तशी शांतता मी स्मशानातही अनुभवलेली नाही.

"आता सेव्ह केलेलं नाही ते गेलं," भगवान सवयीने म्हणाला.

भावाचे बोट हलले. खापरपणजा. पणजा, पणजी. आजा, आजी. वडील. आई. वहिनी. नाव, बोट. नाव, बोट. एकदाही अडखळला नाही. मी लिहीत गेलो. मग त्याने बोट पुन्हा कुंकवात बुडवले आणि म्हणाला, "दामोदर."

ते माझे नाव.

भगवानने ओला फडका आणला. "चुकीची एंट्री, काका. डिलीट करतो."

"राहू दे," मी म्हणालो. वहिनीच्या दिवसांनाही मी आलो नव्हतो. अकरा वर्षांत एक पत्र धाडले नव्हते. एंट्री चुकीची म्हणता येईना.

तेव्हा भावाने मान वर केली आणि थेट माझ्याकडे पाहिले.

"उना का, दामू?" (आलास का?)

त्याने घागरीतले पाणी पेल्यात ओतून पुढे केले. "पे. तीस लागनी व्हई." (पी. तहान लागली असेल.)

मी प्यालो.

वीज आली. लूम सुरू झाले. भाऊ पुन्हा भिंतीकडे वळला. निघताना मी पाया पडलो, तेव्हा त्याने भगवानला विचारले, हे गृहस्थ कोण.

वहीत नऊ नावे आहेत. पुढच्या अखाजीला ती मलाच घ्यायची आहेत. आठव्यापाशी थांबावे की नाही, हे अजून ठरलेले नाही.

घरी पोहोचून कुलूप काढले. उंबरठा कोरा होता. कोणी आत बोलावील म्हणून थोडा वेळ बाहेरच उभा राहिलो.